लाल ते सगळं

माणसानं चांगलं असावं, पण सगळ्यांशी सारखंच चांगलं असू नये, असं माझं मत आहे. ते मी पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये एक गृहस्थ होते, त्यांच्या शेजारी बसून अख्खी नोकरी काढली, त्यातून ते झालं. सगळे त्यांना कायमराव म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि दर महिन्याला मीच ते टाइप करायचे, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. आता ते निवृत्त होऊन घरी बसलेत. बसलेत म्हणजे नुसते बसलेत. त्यांची आठवण आली की मला आधी राग येतो, मग भडभडून येतं, आणि मग पुन्हा राग येतो.

रेकॉर्ड रूम म्हणजे पूर्वीचा एक वॉर्ड. रुग्ण नव्या इमारतीत गेले आणि त्यांच्या जागी कागद दाखल झाले. फरशीवर पलंगांच्या पायांचे खळगे तसेच होते. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं. त्याच्या नळाला पाणी नव्हतं, पण मागच्या भिंतीला ओल मात्र इमानेइतबारे यायची. मधे लाकडी फळ्यांचा आडोसा घालून एका बाजूला मला आणि माझ्या टाइपरायटरला बसवलं होतं. त्यामुळे कायमराव शिंकले तरी मला कळायचं, आणि मी कुणावर करवादले तरी त्यांना कळायचं.

आता त्या खोलीतला कायदा सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. सरकारी कागदाचे चार वर्ग असतात. अ म्हणजे कायम जपायचा, ब म्हणजे बरीच वर्षं ठेवायचा, क म्हणजे थोडी वर्षं, आणि ड म्हणजे वर्ष उलटलं की रद्दी. गठ्ठा बांधायच्या चौकोनी कापडाला आमच्याकडे रुमाल म्हणतात. खिशातल्या रुमालाशी त्याचा संबंध नाही, एकेका रुमालात तान्हं मूल गुंडाळता येईल. अ ला लाल रुमाल, ब ला हिरवा, क ला पिवळा, ड ला पांढरा. दर वर्षी पांढरे गठ्ठे काढून टाकायचे. या कामाला सरकारनं नाव दिलंय निंदणी. शेतातलं तण काढतात ना, ती निंदणी. शब्द झकास आहे, पण तो शोधून काढणाऱ्यानं हातात खुरपं कधी धरलं नसावं.

कायमराव नवीन होते तेव्हा नियमानं चालायचे. मग एकदा एक बाई आली. तिचं तान्हं मूल आमच्याकडे वारलं होतं, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. तिला त्याचा केसपेपर बघायचा होता. कशाला, तर त्यावर मुलाचं वजन लिहिलेलं होतं. मुलाचा फोटो काढलेला नव्हता, कपडे सासूनं देऊन टाकले होते. "किती भरलं होतं ते मी विसरत चाललेय हो," ती म्हणाली. "तेवढा आकडा सांगा, मी जाते." तो केसपेपर ड वर्गातला. तो नुकताच पांढऱ्या रुमालातून गेला होता आणि हे कायमरावांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी तिच्यासमोर सगळ्या मांडण्या उपसल्या. ती गेल्यावर ते बेसिनपाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी नळ सोडला. पाणी काही आलं नाही.

त्या दिवसापासून त्यांच्या हातून ड निघाला नाही. पुढे क निघेना, ब सुद्धा निघेना. "बाई, निंदायला बसणाऱ्याला पीक आणि तण वेगळं दिसावं लागतं," ते मला म्हणाले. "मला सगळं पीकच दिसतं." मग औषधांच्या पावत्या अ, धुवायला गेलेल्या चादरींचा हिशेब अ, पंखा बंद पडल्याची तक्रार अ, पंखा सुरू झाल्याचं पत्र अ, आणि तो पुन्हा बंद पडल्याची तक्रारही अ. सगळी खोली लालेलाल. भांडारपाल दारातून विचारायचा, "कायमराव, टोमॅटो कधी विकायला काढताय?" एका जुन्या साहेबांनी विचारलं, "माझ्या किरकोळ रजेचा अर्जही कायम?" हे म्हणाले, "हो." साहेब म्हणाले, "मग रजाच कायमची देऊन टाका." सगळे हसले, हेही हसले, आणि अर्ज लाल रुमालातच राहिला.

घरीही तीच तऱ्हा. तुटक्या छत्र्या, बंद घड्याळं, मुलगा परगावी नोकरीला गेला तरी त्याच्या शाळेतल्या पट्ट्या-पेन्सिली. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या म्हणायच्या, "आमच्या घरात कचरासुद्धा पेन्शनीत निघतो." हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण त्या घरात आणखी एकजण राहायची, आणि तिचं सगळं या लाल रंगावर टांगलेलं होतं.

ती कायमरावांची धाकटी बहीण. केस पांढरे झाले तरी सगळे तिला धाकटीच म्हणायचे. नवऱ्यानं टाकलं तेव्हा ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. वहिनींनी विचारलं, "किती दिवसांसाठी?" ती म्हणाली, "कायमची." झालं! वहिनींना तेवढा एक शब्द पुरला. साखर संपली की "कायमच्या पाहुण्यांना गोड जरा जास्तच लागतं." दार वाजलं की "बघा, अजून कुणी कायमचं आलंय का." वहिनी मनानं वाईट नव्हत्या. पण घर लहान असलं की जीभ लांब होते.

धाकटी आमच्याच रुग्णालयात रोजंदारीवर झाडलोटीला लागली. वॉर्ड झाडायचे, फिनेलनं पुसायचे, जिने धुवायचे. रोजंदारी म्हणजे आज आलात तर आजची मजुरी, उद्याचं उद्या. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, हजेरीपटावर रोज अंगठा उठवायची. जुन्या रोजंदारीवाल्यांना सरकार कायम करणार, अशी आवई दर वर्षी उठायची. कायम झालं की पेन्शन, आणि तिच्या लेखी पेन्शनीहून मोठं म्हणजे आवाराच्या मागे कर्मचाऱ्यांच्या खोल्यांची रांग होती, तिथे एक खोली. माझ्या खिडकीतून ती रांग दिसायची. धाकटी माझ्याकडे झाडायला आली की झाडू भिंतीला टेकवून तिकडे बघत राहायची. शेवटून दुसरी खोली तिनं मनात धरली होती, कारण तिच्या दाराशी नळ होता.

एकदा तिनं पिशवीतून एक पितळी कुलूप काढून मला दाखवलं.

"खोलीसाठी घेतलं."

"अगं, पण खोली कुठाय? बाजारात तुरी!"

"येईल की. स्वतःचं दार असलं म्हणजे बरं असतं, बाई. मग कुणी विचारत नाही, किती दिवसांसाठी म्हणून."

तिनं कुलूप पुसलं आणि परत पिशवीत ठेवलं.

कायम व्हायचं तर पुरावा लागणार. पुरावा म्हणजे जुने हजेरीपट, आणि ते आमच्या रेकॉर्ड रूममध्ये. तिच्या बरोबरीचे कुणी वारले, कुणी काम सोडून गेले. नंतरचे सगळे कंत्राटदाराची माणसं. जुन्यांतली ती एकटी उरली होती. अधूनमधून ती आडोशापलीकडे जाऊन विचारायची, "दादा, माझे आहेत ना रे?" कायमराव मान वर न करता म्हणायचे, "लाल रुमालात आहेत. कुणाची टाप आहे हात लावायची?" नियमानं रोजंदारीचा हजेरीपट ड वर्गात जातो. पण त्या खोलीत ड नावाचं काही शिल्लकच नव्हतं, त्यामुळे धाकटी निर्धास्त होती.

मग नवे साहेब आले. तरुण, टापटीप, कुणावर आवाज न चढवणारे. अशा माणसांची मला धास्ती वाटते. त्यांनी रेकॉर्ड रूममध्ये येऊन एक लाल गठ्ठा सोडला, त्यात स्वयंपाकघरातल्या पातेल्यांची झाकणं हरवल्याचा पत्रव्यवहार निघाला. दुसरा सोडला, त्यात त्याच झाकणांबद्दलची स्मरणपत्रं. साहेब शांतपणे म्हणाले, "अहो, सगळंच कायम म्हणजे काहीच कायम नाही." आडोशामागून मी ते ऐकलं आणि मला पटलं. तेच तर दुखणं आहे, माणूस चुकीचं बोलत नव्हता.

पाठोपाठ कारणे दाखवा नोटीस निघाली. वर्गीकरण नियमबाह्य केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, वगैरे. मीच ती टाइप केली आणि मीच नेऊन दिली. निवृत्ती तोंडावर आलेली, आणि असल्या कागदानं पेन्शनही अडते. कायमरावांनी ती दोनदा वाचली, सवयीनं तिच्या कोपऱ्यात अ लिहिला, आणि मग तो खोडला.

ठरलं ते असं. सगळे कागद पुन्हा तपासायचे. ठेवायचे ते नव्या पत्र्याच्या पेट्यांत भरायचे. जायचे ते पांढऱ्या रुमालात बांधायला हवे होते, पण भांडारात पांढरं कापडच नव्हतं. हिरवं नव्हतं, पिवळं नव्हतं. कायमरावांनी वर्षानुवर्षं मागणीच फक्त लाल कापडाची केली होती. साहेब म्हणाले, "मग पांढरं हवंय कशाला? ठेवायचं ते पेटीत. लाल रुमालात उरेल ते जाईल." एवढ्यानं लाल रंगाचा अर्थ उलटा झाला. साहेबांना तो कळला, भांडारपालाला कळला, मलाही कळला. कायमरावांनी मान डोलावली, पण त्यांच्या आत काही तो उतरला नाही.

ती निंदणी कित्येक आठवडे चालली. एकेक गठ्ठा सोडायचा, बघायचा, यादीत ड लिहायचा, पुन्हा बांधायचा. पहिल्या दिवसांत ड काढताना त्यांचा हात इतका थबकायचा की कागदावर शाईचा ठिपका पडायचा. एखाद्या तान्ह्या मुलाचा केसपेपर आला की उठून बेसिनपाशी जायचे. मी ओरडून सांगायचे, "पाणी नाही त्याला." ते म्हणायचे, "माहीत आहे."

धाकटीचे हजेरीपट हाताला लागले तेव्हा मी तिथेच होते. जाड कागद, त्यावर अंगठ्यांच्या निळ्या रांगा.

"हे घाला पेटीत," मी म्हटलं.

"नियमात ड आहे."

"मग साहेबांना सांगा. बहिणीच्या जन्माचा प्रश्न आहे म्हणावं."

ते इतके ओशाळले की कानापर्यंत लाल झाले. "बहिणीसाठी नियम वाकवला म्हणतील, बाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, पातेल्यांच्या झाकणांसाठी जन्मभर नियम वाकवलात, आणि सख्ख्या बहिणीची वेळ आली तेव्हा तुम्हाला नियम आठवला?"

ते हजेरीपटांच्या कडा सारख्या करत राहिले. परक्यासाठी शब्द टाकायला त्यांना कधी लाज वाटली नाही, आपल्या माणसासाठी मात्र जीभ उचलत नसे. अशी माणसं असतात. जग त्यांना देवमाणूस म्हणतं, आणि त्यांच्या घरच्यांनी काय करायचं ते कुणी सांगत नाही.

हजेरीपट त्यांनी यादीत चढवलेच नाहीत. ना अ, ना ड. भांडारातून आणलेला एक कोरा लाल रुमाल काढला, त्यात ते बांधले, नेहमीची दुहेरी गाठ मारली आणि गठ्ठा टेबलाच्या पायाशी ठेवला.

"निदान घरी तरी घेऊन जा," मी म्हटलं.

"सरकारी कागद? घरी?"

"मग इथे काय करणार आहात त्याचं? पेटीत नाही, यादीत नाही."

"लाल आहे की," ते म्हणाले. "लालला कोण हात लावतंय?"

ट्रक आला त्या दिवशी नियमाप्रमाणे कायमरावांना खाली उभं राहून प्रत्येक गठ्ठ्यामागे यादीवर खूण करायची होती. साहेबांनी हमालांच्या मुकादमाला जिन्यात गाठून सांगितलं, "पेट्यांना हात लावायचा नाही. लाल ते सगळं." मुकादम वर तोंड करून ओरडला, "लाल ते सगळं!" मग हमालच एकमेकांना ते सांगत सुटले. मला साहेबांनी आपल्या खोलीत बसवून कागद नष्ट केल्याचं प्रमाणपत्र टाइप करायला लावलं. धाकटीला रिकामी होत जाणारी खोली झाडायला सांगितलं होतं. जिन्यात इतकी धूळ की सगळे खोकत होते. दुपारी मी क्षणभर खिडकीशी आले, तर खाली कायमराव ट्रककडे पाठ करून, जिन्याच्या दाराकडे तोंड करून उभे. समोरून गठ्ठा गेला की खूण, मागे तो पडल्याचा आवाज आला की डोळे मिटायचे.

ट्रक गेल्यावर मी माझ्या जागेवर परतले, आणि तेही वर आले. खोली झाडूनपुसून लख्ख झाली होती, टेबलाची जागासुद्धा. ते माझ्या आडोशापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, इथला गठ्ठा?"

मी उठून पाहिलं. टेबलाखाली, मांडण्यांवर, बेसिनखाली. कायमराव जागचे हललेही नाहीत. काही नसताना शोधायचं काय असतं, ते त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर कागदाच्या गिरणीत गेले. फाटकावरचा माणूस भला होता, त्यानं आत नेऊन दाखवलं. एका बाजूला आमच्या रुमालांचा ढीग पडला होता. गाठी सोडायला कुणाला वेळ, सगळे कोयत्यानं कापलेले. कागद हौदात होते आणि त्यांचा करडा लगदा झाला होता. कायमरावांनी विचारलं, "याचं काय होतं?" तो म्हणाला, "पुठ्ठे. फायलींना लागतात ना, ते. सरकारलाच जातात परत." त्याला वाटलं, ऐकून यांना बरं वाटेल. कायमराव त्या चिंध्यांपाशी बसले आणि एकेक गाठ हातात घेऊन बघू लागले. सगळ्याच गाठी त्यांच्या होत्या. मी त्यांना दंडाला धरून उठवलं.

धाकटीला त्यांनी सांगितलं नाही. ती विचारायची, "आहेत ना?" ते म्हणायचे, "हं." रोजंदारीवाल्यांना कायम करण्याचा हुकूम कधीच निघू नये असं मनापासून वाटणारा तेवढा एकच माणूस असेल. आणि सरकार इतकी वर्षं झोपलं होतं, ते नेमकं तेव्हाच जागं झालं. हुकूम निघाला. जुने हजेरीपट जोडा आणि अर्ज करा.

धाकटी धुतलेले कपडे घालून आली. पिशवीत कुलूप आहे हे मला न बघता कळलं.

"काढ दादा," ती म्हणाली.

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"ट्रकमधून गेले. चुकून. नव्या रुमालात बांधून ठेवले होते. इथे, टेबलाच्या पायाशी."

धाकटीनं टेबलाच्या पायाकडे पाहिलं. बघतच राहिली. मग तिथेच खाली बसली आणि म्हणाली, "बरं." भावाला चार शिव्या घातल्या असत्या, कपाळ बडवून घेतलं असतं, तर मला सोसलं असतं. ते "बरं" मला अजून सोसत नाही.

साहेबांना कळलं तेव्हा ते खरोखर हळहळले. "अहो, मला सांगायचं होतं. मी माझ्या सहीनं पेटीत ठेवले असते." कायमराव मान खाली घालून उभे होते, मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबांनी पत्रांवर पत्रं लिहिली. आम्ही सगळ्यांनी सह्या करून दिलं की ही बाई इतकी वर्षं इथे झाडतेय, आम्ही डोळ्यांनी बघतोय. उत्तर आलं की अभिलेखावरून सेवा सिद्ध होत नाही. मजुरीच्या पावत्याही त्याच ट्रकमधून गेल्या होत्या. पुढे झाडलोटीचं काम सगळंच कंत्राटदाराकडे गेलं. त्याला तरणीताठी माणसं हवी होती. धाकटीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. शेवटून दुसऱ्या खोलीत एक ड्रायव्हर राहायला आला.

थोड्याच दिवसांत कायमराव निवृत्त झाले. वहिनींनी तुटक्या छत्र्या आणि बंद घड्याळं भंगारात काढली, त्यांनी मान वळवून बघितलंही नाही. आणि वहिनींचे टोमणे थांबले. एकदम थांबले. चहाचा पहिला कप धाकटीला मिळू लागला. रुग्णालयात छाती तपासायला आलेली धाकटी रांगेत बसून मला हे सांगत होती. म्हणाली, "वहिनी बोलायची तोवर वाटायचं, आपण कधीतरी इथून जाणार आहोत. आता ती बोलत नाही."

मी तिचा हात हातात घेतला. फिनेलनं त्याची सालं निघालेली होती.

"बाई, एक सांगू? दादाला सांगायचं नाही."

"सांग."

"तो गठ्ठा मी नेला. खोली झाडून झाली, हमाल खाली गेले होते. टेबलापाशी एक लाल दिसला. म्हटलं, राहिला वाटतं. सगळे ओरडत होते ना, लाल ते सगळं. एक कमी पडला तर दादाला बोलणी बसतील, म्हणून मीच उचलला आणि खाली देऊन आले." ती थांबली. "जड नव्हता हो. काखेत मावला. एवढी वर्षं झाडलं, आणि काखेत मावलं."

मी तिचा हात सोडला नाही.

"हमालांनी नेला असंच वाटू दे त्याला," ती म्हणाली. "मी नेला हे कळलं तर तो जगायचा नाही."

त्यानंतर मी एकदा त्यांच्या घरी गेले. कायमराव खुर्चीत बसले होते. बोलणं हवापाण्यावर चाललं. आतल्या खोलीच्या चौकटीला एक खिळा होता, त्याला ते पितळी कुलूप अडकवलेलं होतं, किल्लीसकट. त्या दाराला कडी नाही. निघाले तेव्हा कायमराव मला सोडायला रस्त्यापर्यंत आले, याचंच मला नवल वाटलं.

"बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. धाकटीला कळता कामा नये."

"काय?"

"तो गठ्ठा तिनंच आणून दिला. मी समोर उभा होतो. रुमाल कोरा होता, गाठ माझी होती. ओळखायला नको? यादी संपली होती, बाई. सगळ्या ओळींवर खुणा झाल्या होत्या. तरी मी खाली मोकळ्या जागेत एक खूण केली." त्यांनी मागे दाराकडे एक नजर टाकली. "आणि तिला म्हणालो, शाब्बास."

मी रस्त्यावरच उभी राहिले.

"आपल्याच हातानं नेऊन दिला हे तिच्या लक्षात आलं तर ती जगायची नाही. हमालांनी नेला असंच राहू दे."

"राहू दे," मी म्हटलं. तिलाही मी हेच म्हणाले होते.

मनात आलं, या माणसाला मानगूट धरून आत न्यावं, दोघांना समोरासमोर बसवावं आणि सांगून टाकावं, म्हणजे निदान एकदा रडतील तरी दोघं. पण ते मोडून पडले तर त्यांना उचलणार कोण? मी नाही. माझ्यात तेवढं बळ नाही, हे मला तेव्हा कळलं. दारात धाकटी आली होती. "दादा, चहा निवतोय," तिनं हाक मारली. कायमराव घाईघाईनं चेहरा सारखा करत म्हणाले, "आलो, आलो." आणि दोघं एकमेकांकडे बघून हसली.